मरळीच्या पोटातला पत्ता

विनिता मॅडमच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी मरळी असतात. प्रत्येक मरळ वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तलावाचं नाव. बोळिंजच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे सगळं चालतं आणि सोसायटीने वासाबद्दल तक्रारही करून झाली आहे. श्रीरंग सर, म्हणजे त्यांचे मिस्टर, पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडे मासा आला की आधी त्याचं पोस्टमॉर्टेम होतं. जेवायला वांगीच असतात."

मॅडम मूळच्या कुडाळकडच्या, माहेरच्या नाईक, सासरच्या राऊळ. विरारच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवतात, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, आणि कॉलेजला सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे मी पाणी तपासायचं शिकले आणि आता गोखिवऱ्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. त्यांच्याबद्दल लिहायला बसले कारण यंदा त्यांच्याच कामाचा धोंडा करून तो आमच्या आळीच्या तळ्यावर, बावखलावर, टाकायचा प्रयत्न झाला, आणि ज्यांनी तो केला ते आजही हसतमुखाने फोटो काढून घेतायत.

मॅडमचा अभ्यास आहे माशांच्या अंगात राहणाऱ्या किड्यांचा. मरळ हा गोड्या पाण्यातला दांडगा मासा. आपल्या तळ्यांत आहे, कोकणात आहे, विदर्भातही आहे. मासा एकच, पण त्याच्या कल्ल्यांत, आतड्यांत, मांसात राहणारे परजीवी जागोजागी वेगळे. का वेगळे, हा मॅडमचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी अर्नाळ्याच्या बाजूपासून कुडाळच्या मामाच्या ओढ्यातल्या कोंडीपर्यंत मरळी गोळा केल्या. नागपूरच्या नणंदेलाही कामाला लावलं.

वर्गात त्या एक गोष्ट सांगायच्या. मरळीच्या मांसात पिवळट दाण्यासारखा एक किडा असतो. तो मरळीचा कायमचा भाडेकरू नाही, वाटेतला प्रवासी आहे. त्याला पोचायचं असतं बगळ्याच्या घशात. बगळ्यातून त्याची अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेलं पिल्लू गोगलगायीत शिरतं, गोगलगायीतून माशात, आणि बगळ्याने मासा गिळला की घरी पोचलं. तिघांपैकी एक जरी नसलं तरी तो किडा त्या तळ्यातून संपतो. म्हणून जवळजवळच्या तळ्यांतल्या मरळींत बरेचसे किडे सारखे निघतात आणि लांब जावं तशी ओळख कमी होते. पण नुसतं अंतरही पुरत नाही. रस्त्याच्या अलीकडच्या तळ्यात गोगलगायी असतील आणि पलीकडच्याला काठापासून तळापर्यंत फरशी असेल, तर दोन तळ्यांतल्या मरळी दोन मुलखांतल्या वाटतात.

"मरळ कुठली ते विकणारीला विचारू नका," त्या म्हणायच्या. "ती म्हणेल ताजी आहे. पोट उघडा, पत्ता आत असतो."

आमची आळी वसई पश्चिमेला. आळीच्या मागे बावखल आहे. बावखल म्हणजे पूर्वजांनी हाताने खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावर केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या पोसल्या, विहिरींचं पाणी टिकलं. दर मे महिन्यात प्रत्येक घरातून एक माणूस येतो, सगळे मिळून गाळ उपसतात आणि पकडलेल्या मासळीचे वाटे होतात. केळीच्या पानांवर एकेका घराचा वाटा मांडतात. एक वाटा आजाऱ्यांसाठी, एक फादरसाठी. हे सगळं ऑस्करकाकांच्या देखरेखीखाली होतं. ऑस्कर डाबरे हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून बावखलाला मशीन समजून त्याच्याकडे लक्ष देतात.

कॉलेजात असताना मी मॅडमना एकदा गाळ काढायला घेऊन गेले. साडी खोचून त्या गुडघाभर चिखलात उतरल्या. आळी खूश झाली. मासे कशाला हवेत विचारल्यावर मॅडमनी किड्यांचं सांगितलं, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्या वर्षापासून वाट्यांच्या ओळीत एक पान वाढलं. बाईंचा वाटा. मॅडम येऊ शकल्या नाहीत तर तो बर्फात घालून बोळिंजला पोचवला जायचा.

यंदा कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात मॅडमनी एक तक्ता लावला. प्रत्येक तळ्यासमोर एक उभी पट्टी, जितक्या प्रकारचे किडे तितकी उंच. आमच्या बावखलाची पट्टी सगळ्यांत उंच होती. खाली मॅडमनी समजावून लिहिलं होतं की किड्यांची विविधता म्हणजे तळ्यात गोगलगायी, पक्षी, मासे सगळे नांदतायत. कुणीतरी फोटो काढला. खालचा मजकूर कापला. फोटो वसईच्या एव्हरशाईनपासून विरारपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. वर लाल अक्षरांत: "बावखलातले मासे खाताय? आधी हे बघा."

कापणाऱ्याला मी ओळखत नाही. पण कापलेला तो मजकूर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तीन ओळी होत्या. वाचायला किती वेळ लागला असता?

फोटो पोचला जलाशय सुशोभीकरण समितीकडे. ही समिती नावाप्रमाणे तळी सुंदर करते, म्हणजे काठ सिमेंटचा करते, मध्ये कारंजं लावते आणि शेजारी सेल्फी पॉइंट. आमच्या बावखलाला लागून एक नवी इमारत उभी राहतेय आणि तिला गाड्या लावायला जागा हवी आहे, हे आळीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. समितीची नोटीस आली. बावखल आरोग्यास धोकादायक, परजीवींचा प्रादुर्भाव शास्त्रीय पाहणीत सिद्ध, सबब भराव घालून जागा सार्वजनिक उपयोगात आणण्याचा प्रस्ताव, हरकती असल्यास सुनावणीला हजर राहावे. शास्त्रीय पाहणी म्हणजे कापलेला तक्ता.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर काका रीमाकाकीला आणि मला घेऊन थेट बोळिंजला गेले. मॅडमनी दार उघडलं तर काका उंबऱ्यातूनच बोलायला लागले.

"बाई, आमी तुमाला वाटा देला, आनि तुमी आमचं तळं बुजवायला निगालात?"

"ऑस्करभाऊ, आत तर या."

"आत कशाला? आत पन किडेच असतील."

श्रीरंग सर मागून म्हणाले, "फ्रीजरमध्येच आहेत, हॉलमध्ये नाहीत. बसा." काका बसले, पण खुर्चीच्या टोकावर.

मॅडमनी नोटीस वाचली. त्यांचा चेहरा पांढरा झाला आणि मग लाल. "माझं नाव घातलंय यांनी," त्या म्हणाल्या. "मला एक फोन नाही केला. यातलं एक वाक्य मी लिहिलेलं नाही आणि खाली माझं नाव."

"पन पट्टी तुमचीच ना उंच?" काका म्हणाले. "शेजारच्या आळीचं बावखल बगा. तेच पानी, तीच मासळी. त्यांची पट्टी अर्धी. आमच्याच मरलींनी काय पाप केलं?"

मॅडम म्हणाल्या की तेच कोडं त्यांनाही सुटलेलं नव्हतं. दोन्ही बावखलांत गोगलगायी सारख्या, बगळे तर तेच. इतका फरक पडायला नको होता. शेजारच्या आळीचे मासे त्या बाजारातून, हाताला येतील ते घेतात...

"आमचे तर निवडून देतो आमी," रीमाकाकी म्हणाली.

मॅडमनी हातातली नोटीस खाली ठेवली.

"निवडून म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

काकीला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "वाटे लावताना बाया ठिपकेवाली, दानेवाली मरल बाजूला ठेवतात ना. ही बाईंना, ही बाईंना. तुमाला किडेच पायजेत. बिनकिड्याची मरल देऊन तुमी काय करनार? आमाला पन लाज वाटेल. दुसऱ्या वाड्यांतनं पन मी मागून आनते कदी कदी, तुमचं पान भरायला."

श्रीरंग सर हसले आणि लगेच थांबले, कारण मॅडम हसत नव्हत्या. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. मला वाटलं रडतायत. त्या वळल्या तेव्हा म्हणाल्या, "इतक्या प्रेमाने कुणी माझ्या कामाची वाट लावली नव्हती, रीमाताई."

"म्हंजे आमी चुकलो?"

"मी विचारायला हवं होतं. वाटा कसा लावता, एवढंच." मग त्यांनी आम्हाला समजावलं. तळ्याबद्दल काही म्हणायचं तर मासे डोळे मिटून उचलायला हवेत. निवडलेल्या माशांवरून तळ्याचा अंदाज काढणं म्हणजे दवाखान्याच्या बाकावरची माणसं मोजून आख्खं गाव आजारी म्हणण्यासारखं आहे.

काकांना मुद्दा बरोबर समजला, आणि त्यांना त्यात सुटका दिसली. "मग झालं तर. सुनावनीला सांगा, पट्टी खोटी, बावखलात किडे नाहीत. एक ओळ लिहून द्या. तुमची सही बगून ते गप बसतील."

"किडे आहेत, ऑस्करभाऊ. पट्टी एवढी उंच नसेल, पण आहेत."

"असू द्या की. लिहू नका."

"ते मी नाही लिहिणार."

काका उठले. "मेलिसा, चल," ते मला म्हणाले. "बाईंना तळं नको, खरं पायजे." जिना उतरेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही मॅडमचा राग आला होता. आमच्या पिढ्यांचं पाणी एका ओळीने वाचत असेल तर काय बिघडलं असतं?

पण मॅडम गप्प बसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी माझं ऑफिस सुटायच्या वेळेला त्या गोखिवऱ्याला हजर झाल्या. म्हणाल्या, समितीने ज्याला आदर्श तलाव म्हणून बक्षीस दिलंय तो बघून येऊ. पूर्वेकडच्या एका नव्या वसाहतीतला तो तलाव. फरशी, कारंजं, सगळं होतं. काठावर एक शेवाळं नाही, एक गोगलगाय नाही, बगळा कशाला येईल? पाण्यात शोभेचे लाल-पांढरे कोई मासे सोडले होते, दुसऱ्या राज्यातल्या हॅचरीतून विमानाने आणलेले, तसं फलकावर अभिमानाने लिहिलं होतं. मासे काठाच्या फरशीला अंग घासत होते. रखवालदाराने स्वतःहून बादली दाखवली. "रोज एक-दोन मरतात. घेऊन जा, मला तेवढीच फेकायची मेहनत वाचेल."

बादलीतल्या माशाच्या अंगातून हिरवट दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. मॅडमनी चिमट्याने ओढलं. दोऱ्याचं दुसरं टोक नांगराच्या फाळासारखं मांसात रुतलेलं होतं.

"हा इथला नाही," मॅडम म्हणाल्या. वसईपासून कुडाळपर्यंत त्यांनी उघडलेल्या एकाही मरळीवर त्यांना तो दिसला नव्हता. "माशाबरोबर आलाय. याला ना गोगलगाय लागते ना बगळा. पाणी आणि मासा मिळाला की बास."

सुनावणी समितीच्या कार्यालयात होती. समितीचे अभियंता हर्षवर्धन गुरव वयाने माझ्याहून थोडेच मोठे, बोलायला गोड. त्यांनी भिंतीवर तक्त्याचा फोटो मोठा करून दाखवला. कापलेलाच.

"मॅडम, चार्ट तुमचाच आहे ना?"

"अर्धा माझा आहे. अर्धा तुम्ही कापलाय."

"आम्ही नाही कापला, आम्हाला असाच फॉरवर्ड आला." हे ते इतक्या सहज म्हणाले की जणू फॉरवर्ड आलं म्हणजे पाहणी झाली. "पण सगळ्यात जास्त किडे या बावखलात, हे खरं ना?"

मॅडमनी वाट्याची सगळी हकीकत सांगितली. काहीही न झाकता. बायका कशा निवडतात, आपण कसं विचारलं नाही, त्या बावखलापुरता आपला आकडा कसा टाकून द्यायला हवा. समितीचे सदस्य हसले. रीमाकाकी माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. आळीच्या बायकांच्या मायेवर हसायचा त्या लोकांना काय अधिकार होता, ते मला अजून कळलेलं नाही.

"म्हणजे मॅडम, तुमचा स्टडी फेल," गुरव म्हणाले. "मग आता तुम्ही म्हणाल तलाव स्वच्छ आहे?"

काकांनी मागून घसा खाकरला. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं पुटपुटले, "सांगा आता तरी."

"किडे आहेत," मॅडम म्हणाल्या.

काकांनी कपाळावर हात मारला.

"किडे आहेत, कारण तिथे बगळा येतो, गोगलगायी आहेत, मरळ आहे. आळीतले लोक मासा शिजवून खातात आणि शिजवलेला किडा कुणाला काही करत नाही. हे मी त्या तक्त्याखाली लिहिलं होतं. आता तुमचा नियम मला नीट सांगा. माशांत किडे दिसले की तळं बुजवायचं, असा आहे का?"

"आरोग्याच्या दृष्टीने... हो."

मॅडमनी पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. लाल-पांढरा कोई, अंगातून दोरे लोंबतायत. "मग आधी तुमचा आदर्श तलाव बुजवा. हे बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. कारंज्याशेजारी उभं राहून दिसतं."

एक सदस्य बरणीकडे वाकले आणि चटकन मागे झाले. गुरवांनी भिंतीवरचा फोटो बंद केला. विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. पुढच्या बैठकीत नोटीस मागे घेतली गेली, कारण दिलं "तांत्रिक". बावखल तांत्रिक कारणाने वाचलं. बगळा, गोगलगाय, मरळ, आळी, यातला एक शब्दही त्या कागदावर नाही. मॅडम चुकल्या तेव्हा त्यांचं नाव छापलं होतं, त्या बरोबर ठरल्या तेव्हा ते गाळलं. आणि शेजारच्या इमारतीवाले अजून वाट बघतायत.

काका तरीही मॅडमशी बोलत नव्हते. "नशिबाने वाचलो," ते म्हणायचे. "त्यांनी तर बुडवलंच होतं."

मग समितीला आदर्श तलाव रिकामा करावा लागला. बरणी बऱ्याच जणांनी पाहिली होती. तलावातल्या माशांचं करायचं काय? काकांना फोन आला, समिती बावखलाला मासे भेट देणार आहे, झालेला गैरसमज दूर करायला. काका हरखले. सणाचा शर्ट घातला, आळीला निरोप दिला. मी मॅडमना फोन केला तेव्हा त्या वर्गात होत्या. तास अर्धा सोडून आल्या.

टेम्पो उभा होता. त्यावर निळे ड्रम आणि पुढे फलक: निसर्गाच्या रक्षणासाठी. फोटो काढणारा माणूस फलक सरळ करत होता. मॅडमनी ड्रममध्ये हात घालून एक मासा उचलला आणि काकांसमोर धरला. दोन दोरे होते.

"आता हे पन किडे वायले, येगले काय?" काका म्हणाले. "तुमचे चालतात आनि हे नाय चालत?"

"तुमच्या मरळीचे किडे इथे किती पिढ्यांपासून आहेत कुणास ठाऊक. मरळ त्यांना ओळखते, ते मरळीला. त्यात दोघांचं चालतं. हा लांबून आलाय. याला तुमची मरळ नवी आणि तिला हा नवा. आज ड्रम ओतलात तर पुढच्या मे महिन्यात वाटे लावायला मासा नसेल. आणि तेव्हा समिती परत येईल, ऑस्करभाऊ. तेव्हा मात्र त्यांचा चार्ट खरा असेल."

काकांनी मासा स्वतःच्या हातात घेतला. फिटरच्या बोटांनी दोरा हलकेच ओढून बघितला. तो निघाला नाही. मासा ड्रममध्ये परत टाकून त्यांनी हात शर्टाला पुसले, सणाच्या शर्टाला, आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "गाडी फिरव."

"काका, मला खाली करायला सांगितलंय. मी हे कुठे नेऊ?"

"साहेबाच्या घरी बाथटब असंल."

काकांनी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणवली आणि बावखलाच्या उताराच्या मधोमध ठेवून त्यावर बसले. थोड्या वेळाने रीमाकाकीने दुसरी आणली, मॅडमसाठी. दोघं शेजारी बसले, एकमेकांशी न बोलता. टेम्पोवाला फोन लावत राहिला, गुरव उचलेनात. शेवटी ड्रम जसे आले तसेच परत गेले.

संध्याकाळी समितीच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटो आला. टेम्पो, फलक, मागे आमचं बावखल, मथळा: "मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम उत्साहात संपन्न." मॅडमनी खाली लिहिलं की एकही मासा सोडलेला नाही, आणि स्वतःचं पूर्ण नाव घातलं. ते काढून टाकलं गेलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. मी लिहिलं. ऑस्करकाकांचं खातं नव्हतं. ते माझ्याकडे आले, उघडून दे म्हणाले, आणि चष्मा लावून एकेक अक्षर शोधत त्यांनी टाईप केलं: "मी वाटेत बसलो होतो. टेंपो भरलेला परत गेला. राऊळ बाई माझ्या शेजारी होत्या. ऑस्कर डाबरे."